दारातलं बोलणं

"कसे आहात आज?" आर्लिसनं विचारलं.

"बरा आहे," ओरिन म्हणाला.

"उठा. बाहेर जा आणि परत या."

ओरिन पेल्टो उठला. उठताना त्यानं खुर्चीचा दांडा डाव्या हातानं धरला. उजवा हात मांडीवरून घसरून नुसता खाली लोंबला. तो बाहेर गेला, दार लावून घेतलं, टकटक केली आणि आत येऊन पुन्हा त्याच खुर्चीत बसला. सकाळपासूनची ही चौथी खेप होती.

"कसे आहात आज?"

"तसा बराच म्हणायचा."

"ओरिन!"

"अहो, मग काय सांगू? कुणी विचारलं कसे आहात, तर माणूस बरा आहे म्हणतो. माझ्या बापाचा पाय लाकडाच्या गिरणीत करवतीखाली गेला. दवाखान्यात पाद्री भेटायला आला, तर बाप म्हणाला, बरा आहे, तुमचं कसं काय?"

आर्लिस हापोया त्याची वकील. तिला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. दुपारी दोन वाजता नुकसानभरपाईच्या दाव्यात ओरिनची जबानी होती. समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार, तोही अगदी गोड हसून, आणि शेजारी बसलेली लघुलेखिका उत्तर टिपून घेणार. ओरिन बंदरावरच्या धान्याच्या कोठारात शिडीवरून वीस फूट खाली पडला होता. मानेत धातूच्या दोन पट्ट्या बसवल्या होत्या. कोठाराच्या विमा कंपनीचं म्हणणं असं, की माणूस ठणठणीत आहे, तो स्वतःच तसं सांगतो. एप्रिलमध्ये समुद्राएवढ्या तळ्यावरचा बर्फ फुटला, जहाजं सुरू झाली, की त्यानं पुन्हा त्याच शिडीवर चढावं. एप्रिलला पाच आठवडे उरले होते.

"त्या शिडीवरून पुन्हा पडलात तर काय होईल, डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"सांगितलंय."

"मग?"

"मग काय! बघू," ओरिन म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. "यंदा बर्फ जाड आहे."

आर्लिसनं कपाळावर हात मारून घेतला. अमेरिकेतल्या या डुलुथ गावात माणसाच्या पोटातलं ओठावर आणणं म्हणजे भिंतीला कान लावून घरातलं ऐकण्यासारखं आहे. कुणाकडेही जा, कॉफी मिळेल, कॉफीबरोबर काहीतरी गोड मिळेल, आणि बर्फ, बोटी, शेजाऱ्याचा कुत्रा यांवर तासभर गप्पा होतील. खरं बोलणं म्हणून टेबलाशी कुणी करत नाही. ते दारात होतं. बूट घातले, कोट चढवला, टोपी कानावर ओढली, दाराच्या मुठीवर हात ठेवला, की माणूस म्हणतो, "हां, एक सांगायचं राहिलंच." मग कुणाचा कॅन्सर, कुणाचा घटस्फोट, कुणाचा तुरुंगातला मुलगा, सगळं तिथं उभ्या उभ्या बाहेर पडतं. अर्धा अर्धा तास दार उघडं, बाहेरची थंडी घरात येते आहे, पण दार लावून घ्या असं कुणी म्हणत नाही. उबेत बसून सांगण्याची ही माणसं नव्हेत.

म्हणून तर आर्लिसनं कचेरीच्या दाराशेजारी खिळ्याला एक वही टांगून ठेवली होती, सुतळीनं पेन्सिल बांधून. पंचवीस वर्षांत तिनं बोटं गेलेली, कंबर मोडलेली, फुप्फुसं भरून आलेली चारपाचशे माणसं जबानीला उभी केली, ती सगळी त्या वहीच्या जोरावर. गावात तिला 'दारवाली वकीलीण' म्हणत आणि ते तिच्या कानावर होतं. पण वही म्हणजे पुरावा नव्हे. दारात ऐकलेलं माणसाच्या तोंडून नोंदीवर वदवून घेणं, यात तिची अर्धी वकिली खर्ची पडे.

या कामात ती पडली कशी, हे कुणी विचारलं तर ती सांगे, "मला भांडायला आवडतं." हे उत्तर लोकांना पुरत असे. ते खोटं होतं.

चोविसाव्या वर्षी आर्लिस एका विमा कंपनीत तपासनीस होती. जखमी माणसाच्या घरी जायचं, त्याच्याच टेबलाशी बसून त्याचीच कॉफी प्यायची, आणि टेपरेकॉर्डर लावून विचारायचं, कसे आहात. बरा आहे, हे उत्तर मिळालं की निम्मं काम झालं. वरिष्ठांनी तिला हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तिला ते चांगलं जमतही होतं, कारण ती इथलीच होती, शेतावरची, गोबऱ्या गालांची. लोकांना ती घरची वाटे.

वॉलफ्रीड ऑस्टबी हा तिचा एकतिसावा माणूस. मालाच्या ट्रकनं त्याला फाटकाशी चेपलं होतं, आणि ट्रक विमा कंपनीच्या गिऱ्हाइकाचा होता. त्याची बायको सिग्ने हिनं वेलदोड्याचा पाव कापून ठेवला आणि ती आत भांडी घासत राहिली. आर्लिसनं विचारलं, "कसे आहात, मिस्टर ऑस्टबी?" तो म्हणाला, "बरा आहे. तक्रार काही नाही." तिनं आणखी चार प्रश्न विचारले, खट्‌कन बटण दाबलं, रेकॉर्डर पिशवीत टाकला. तो काठी टेकत तिला दारापर्यंत सोडायला आला. तिचा कोट त्यानंच खुंटीवरून काढून दिला. मग मुठीवर हात ठेवून, आवाज खाली आणून तो म्हणाला, "पोरी, हा पाय रात्री माझा वाटत नाही. कुणीतरी दुसऱ्याचाच आणून अंथरुणात ठेवलाय असं वाटतं. पोटरी दगड झालीय."

आर्लिस म्हणाली, "डॉक्टरांना दाखवा हं." आणि जिना उतरून गेली. अहवालात तिनं टेपवरचं तेवढंच लिहिलं.

अकराव्या दिवशी वॉलफ्रीड गेला. पायातली गुठळी वर सरकली होती. कंपनीनं टेप पुढे केली: माणूस बरा होता, त्याच्याच तोंडचं ऐका. सिग्नेचा दावा फेटाळला गेला. वरिष्ठांनी आर्लिसची पाठ थोपटली. आणि त्याच आठवड्यात, चर्चच्या पायऱ्यांवर, काळ्या कोटातली सिग्ने तिच्यासमोर उभी राहिली. "त्या दिवशी दारात तुम्ही दोघं बराच वेळ उभे होतात. तुला काही म्हणाला का तो?"

"नाही," आर्लिस म्हणाली. "हवापाण्याचं बोलत होतो."

महिन्याभरात तिनं नोकरी सोडली. जाताना फायलीतली ती टेप कोटाच्या खिशात घातली. दिवसा काम करून संध्याकाळच्या वर्गांना जात ती वकील झाली, आणि तेव्हापासून टेबलाच्या त्या बाजूला तिनं पाऊल ठेवलं नाही.

आता जे सांगायचं ते तिनं कुणालाही सांगितलेलं नाही, आणि एरवी ती अशा गोष्टींना हसणारी बाई आहे. प्रत्येक जबानीच्या सकाळी ती टेप ऐकायची. शिक्षा म्हणा, देवपूजा म्हणा. प्रश्न, उत्तर, आणखी चार प्रश्न, खट्‌. पुढे कोरी फीत. सहासात वर्षं असंच चाललं. मग एका सकाळी खट्‌ झाल्यानंतर खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

तिला वाटलं, आपल्याच घरातली खुर्ची असेल. तिनं फीत मागे नेऊन पुन्हा ऐकली. पुन्हा खुर्ची सरकली. बटण तर तिनं टेबलाशीच दाबलं होतं, वॉलफ्रीड उठायच्या आधी. त्यानंतर त्या फितीवर काही उमटणं शक्यच नव्हतं. दोन वर्षांनी खुर्चीनंतर काठीचा पहिला ठोका आला. मग दुसरा. काही वर्षं तो टेबलापाशीच घुटमळत होता, तेव्हा तिला फार भीती वाटायची. मग भीतीची सवय झाली. गेल्या हिवाळ्यात तो खुंटीपाशी पोचला आणि तिचा कोट काढताना लाकडी हँगर खडखडलेला तिनं ऐकला. कारण न सांगता एक टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा तिनं गाठला होता. त्यानं टेप ऐकली आणि म्हणाला, "खट्‌ नंतर काहीच नाहीये, बाई. कोरी आहे."

आज सकाळी, ओरिन यायच्या आधी, तिनं टेप लावली. खट्‌. खुर्ची. काठीचे अकरा ठोके. हँगर. आणि मग दाराची पितळी मूठ फिरली. तिनं घाईघाईनं बटण दाबलं. पुढे काय येणार ते तिला ठाऊक होतं, आणि ते ऐकायची तिची छाती झाली नाही.

दोन वाजता ते सहाव्या मजल्यावरच्या खोलीत बसले. खाली गोठलेलं तळं क्षितिजापर्यंत पसरलेलं होतं. समोरचा वकील ब्रॅडली विक, चाळिशीचा, मऊ आवाजाचा, स्वतः उठून सगळ्यांना कॉफी देत होता. डार्ला नावाची लघुलेखिका यंत्रावर बोटं ठेवून तयार होती.

"कसे आहात आज, मिस्टर पेल्टो?"

ओरिननं आर्लिसकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनी जमेल तेवढं सांगितलं. ओरिनचे कान लाल झाले.

"बरा आहे," तो म्हणाला. "तुम्ही कसे आहात?"

डार्लाची बोटं चालली. मग पाऊण तास नुसती पडझड झाली. जिना चढता येतो का? येतो हळूहळू. हात कसा आहे? चालतोय. झोप? लागते की. विक प्रत्येक उत्तराला मान डोलवत होता, जणू ओरिनच्या तब्येतीचा त्याला मनापासून आनंद होत होता.

"माझे प्रश्न संपले," तो म्हणाला. "वकीलबाईंना काही विचारायचं असेल तर..."

आर्लिस कागद चाळत राहिली. विचारून काय उपयोग होता? टेबलाशी बसलेला ओरिन तिच्याही प्रश्नाला तेच सांगणार होता. तेवढ्यात डार्लानं मान वर केली आणि दाराकडे पाहिलं. "कुणी आलंय का?"

खोलीच्या दाराची मूठ अर्धी फिरली होती आणि तशीच थांबली होती. बघता बघता ती सावकाश मूळ जागी आली. विकनं उठून दार उघडलं. बाहेरचा लांब बोळ रिकामा होता. "चुकून कुणीतरी," तो म्हणाला आणि दार लोटून जागेवर येऊन बसला. आर्लिस मात्र त्या मुठीकडेच बघत राहिली. आणि काय करायचं ते तिला तिथंच सुचलं.

"आहेत माझे प्रश्न," ती म्हणाली आणि उठली. खुंटीवरचा कोट अंगात घातला. टोपी घातली. ओरिनचा कोट आणून त्याच्यापुढे धरला. "चला तर मग, ओरिन. वारं सुटायच्या आत निघायला हवं."

इतका वेळ खुर्चीत अवघडून बसलेला ओरिन सुटल्यासारखा उठला. आर्लिसनं त्याचा उजवा हात बाहीत घालायला मदत केली. "कॉफी छान होती हं," तो डार्लाला म्हणाला. दोघं दारापर्यंत गेले. आर्लिसनं दार उघडलं नाही. ती बाजूला झाली आणि ओरिननं सवयीनं उजवाच हात उचलून मुठीवर ठेवला.

"हिल्डाला नमस्कार सांगा," आर्लिस म्हणाली. हिल्डा ओरिनची बायको.

"सांगतो," ओरिन म्हणाला. मूठ काही त्यानं फिरवली नाही. खाली बघत उभा राहिला. "हां. ते एक आहे."

"काय?"

"मी मुठीवर हात ठेवलाय, हे मला बघितल्यावर कळतं. नाहीतर कळत नाही. हा हात माझा वाटत नाही, आर्लिस. दुसऱ्याच कुणाचा तरी बाहीत घातल्यासारखा वाटतो."

आर्लिसनं भिंतीला हात टेकला. वॉलफ्रीडच्या त्या शब्दांबद्दल तिनं जन्मात कुणापाशी एक अक्षर काढलं नव्हतं.

"आणि झोप?" तिनं कसंबसं विचारलं.

"आडवं होता येत नाही. कळ मस्तकात जाते. मी खुर्चीत बसून असतो रात्रभर. हिल्डाला सांगितलंय, टीव्ही बघतो म्हणून. टीव्ही बंद असतो. गेल्या आठवड्यात नातीला उचलायला गेलो आणि ती हातातून गेली. गालिचा होता म्हणून बरं. तेव्हापासून तिला जवळ घेत नाही. तिला वाटतं आजोबा रागावलेत."

"अहो, हे काय चाललंय?" विक ताडकन उठला. "हे नोंदीत धरायचं नाही! जबानी संपलेली आहे!"

"मी कुठं संपवली?" आर्लिस म्हणाली. "मी फक्त कोट घातलाय."

तेव्हा कुठे ओरिनला यंत्राची टकटक ऐकू आली. त्यानं वळून पाहिलं. डार्लाची बोटं यंत्रावर चालू होती आणि ती मान खाली घालून नाक ओढत होती. ओरिनचा चेहरा टोपीपर्यंत लाल झाला.

"हे पण लिहिलंत?"

"लिहिलं," डार्ला म्हणाली.

ओरिननं बराच विचार केला. "राहू द्या मग," तो म्हणाला. "फक्त हिल्डाला वाचायला देऊ नका."

खाली गाडीतळावर विकनं आर्लिसला गाठलं. माणूस अगदीच वाईट नव्हता. आपल्या गाडीच्या दारावर हात ठेवून म्हणाला, "माझा बापही 'बरा आहे' असंच म्हणायचा, शेवटपर्यंत. एप्रिलचं मी बघतो. त्याला शिडीवर पाठवणार नाहीत." आणि आर्लिसनं काही म्हणायच्या आत गाडीत बसून निघून गेला.

आर्लिसनं घरी जाऊन टेप आणि रेकॉर्डर घेतला. सिग्ने ऑस्टबीचा पत्ता तिला शोधावा लागला नाही. अठ्ठावीस वर्षं दर जानेवारीत, फोनची नवी डिरेक्टरी आली की ती आधी तेच नाव काढून बघे: अजून आहे ना. म्हाताऱ्या माणसांसाठी टेकडीवर बांधलेल्या इमारतीत तळमजल्याला सिग्ने एकटी राहत होती. सत्त्याहत्तर वर्षांची, वाळलेली, ताठ. तिनं दार उघडून क्षणभर पाहिलं.

"अगं बाई, विमावाली पोरगी," ती म्हणाली. "ये. बूट तिथं काढ. कॉफी टाकते."

कॉफी झाली. वेलदोड्याचा पाव झाला. यंदाचा बर्फ जाड आहे, हेही बोलून झालं. मग आर्लिसनं रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि काही न बोलता बटण दाबलं. तिचा स्वतःचा तरणा, लाघवी आवाज आला: कसे आहात, मिस्टर ऑस्टबी? आणि तो म्हणाला, बरा आहे. तक्रार काही नाही.

सिग्नेनं कपाभोवती दोन्ही हात धरले होते. "असा बारीक आवाज होता त्याचा," ती म्हणाली. "मी विसरूनच गेले होते बघ."

चार प्रश्न झाले. खट्‌. फीत फिरत राहिली, नुसती खरखर. खुर्ची नाही, काठी नाही, काहीच नाही. जे सांगायचं ते टेप सांगेल, आपण नुसतं बसावं, असा तिचा डाव होता. तो डाव तिच्यावरच उलटला. तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "पाव अगदी पूर्वीसारखाच झालाय."

"घरी घेऊन जा थोडा."

"नको नको. निघते आता."

दारात तिनं बूट चढवले, कोट घातला, टोपी घातली. सिग्ने चालायला आधाराच्या, चाकं लावलेल्या चौकटीला धरून मागोमाग आली. आर्लिसनं दार उघडलं. थंडी आत आली. मुठीवर हात तसाच ठेवून, चारपाचशे माणसं तिच्यासमोर जशी उभी राहिली होती तशीच ती उभी राहिली, आणि सगळं सांगितलं: पाय, अंथरूण, दगड झालेली पोटरी. "मी खोटं बोलले तुमच्याशी. तुम्हाला कळलं असतं तर..."

"मला कळलं होतं," सिग्ने म्हणाली.

"स्वयंपाकघरातच तर होते मी. नळ बंद केला होता. शब्द न् शब्द ऐकला." सिग्ने बाहेरच्या बर्फाकडे बघत होती. "त्यानं तुला सांगितलं, मला नाही. मला वाटलं, मला कळू द्यायचं नसेल त्याला. म्हणून मी पुन्हा नळ सोडला. अकरा दिवस मी त्याचा पाय बघत होते आणि तो म्हणत होता बरा आहे, आणि मी म्हणत होते बरं. डॉक्टरला एक फोन नाही केला मी."

"मग चर्चपाशी तुम्ही मला विचारलंत ते..."

"तू हो म्हणाली असतीस, तर हे ठाऊक असलेल्या आपण दोघी झालो असतो. तू नाही म्हणालीस. मग मी एकटीच राहिले."

आर्लिसला हुंदका आला आणि तिनं तो आवरला नाही. सिग्नेनं तिच्या बाहीवर हात ठेवला, थोपटला वगैरे नाही, नुसता ठेवला. दार उघडंच होतं. दोघींच्या तोंडाची वाफ एकत्र होऊन बाहेर जात होती.

तेव्हा आतल्या खोलीत खुर्ची मागे सरकली.

टेप बंद करायची राहिली होती, हे आर्लिसच्या लक्षात आलं. तिनं सिग्नेकडे पाहिलं, आणि सिग्नेच्या चेहऱ्यावरून तिला समजलं, की या वेळी ऐकणारी ती एकटी नाही. काठीचा पहिला ठोका पडला. मध्ये बराच वेळ गेला, मग दुसरा पडला. आर्लिसचा हात आपसूक मुठीकडे गेला.

"दार लावू नकोस," सिग्ने म्हणाली. "त्याला वेळ लागतो."

तिनं आपली चौकट भिंतीकडे सरकवली. आर्लिसनंही अंग चोरलं, भिंतीला पाठ लावली, आणि दोघींच्या मधून एक माणूस जाईल एवढी वाट करून दिली.